असीच्या अलीकडे

ब्रह्माघाट, श्रीक्षेत्र काशी
आषाढ शुद्ध दशमी, शके १८८३

सौ. शरदिनी हीस शिवराम विष्णु मुळ्ये यांचे आशीर्वाद.

तुझे म्हणून जे पत्र रामनगराहून आले, ते पोहोचले. तुझे म्हणून, असे लिहिण्याचे कारण इतकेच की अक्षर बकुळचे आहे. तुला लिहिता येत नाही हे मी जाणतो, आणि मुलगी आपली आहे हेही जाणतो. परंतु तू सांगितलेले किती आणि तिने घातलेले किती, हे पाकिटावरून कळत नाही. ‘हृदय थकल्यामुळे पायांना सूज येते’ हे वाक्य तुझे नव्हे. तू पाय जड झाले असे म्हणाली असतीस. हृदयाची गोष्ट रत्नाकराने डॉक्टरांकडून ऐकून घातली असावी. जावई शाळामास्तर असला म्हणजे घरातील प्रत्येक पत्र तो एकदा तपासतो, असा माझा समज आहे.

आता मुद्द्याचे. घाटाच्या पायऱ्या तुला चढवत नाहीत, परंतु प्रश्न पायऱ्यांचा नाही, चार माणसे तुला उचलून आणू शकतील. तू काशीस येशील ती मी स्वतः रामनगरास येऊन तुला नेले तरच, एरवी नाही, असे पत्रात आहे. हे वाक्य मात्र तुझेच आहे. ते मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिले.

तुला ठाऊक असलेली गोष्ट तुला सांगण्याचे प्रयोजन नाही, तरीही लेखी असावी म्हणून सांगतो. अन्नछत्राच्या कोठीवरून निवृत्त झालो त्या वर्षी मी गंगेत उभा राहून क्षेत्रसंन्यासाचा संकल्प केला. वरुणा नदी आणि असीचा ओढा यांच्या मधली जी भूमी ती काशी. ती सोडून देह असेपर्यंत कोठेही जावयाचे नाही, आणि देह येथेच ठेवावयाचा. त्यानंतर मी असीचा ओढा ओलांडलेला नाही. विश्वविद्यालयाच्या इस्पितळात दात दाखवावयास जावे, असे शेजारचे यज्ञेश्वरभटजी म्हणाले तेव्हा इस्पितळ असीपलीकडे आहे म्हणून मी गेलो नाही. दात येथेच पडला. तू ते पाहिले आहेस. आणि रामनगर तर गंगेच्याही पलीकडे. त्या काठावर मरण आले तर पुढचा जन्म गाढवाचा, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. रत्नाकर त्यावर जे बोलला तेही माझ्या लक्षात आहे. “नाना, मग मी आतापासूनच एखाद्या भल्या धोब्याशी ओळख वाढवतो,” असे तो सर्वांसमक्ष म्हणाला, आणि तू पदराआड हसलीस.

सबब मला असे वाटते की हे आजारपण जितके पायांचे आहे तितकेच युक्तीचे आहे. माझा नेम मोडावा, अशी त्या घरात कोणाची तरी इच्छा आहे. ती तुझी आहे की रत्नाकराची, हे मला कळले पाहिजे. म्हणून एक प्रश्न विचारतो. आपण लग्नानंतर प्रथम काशीस आलो त्या दिवशी, सामान घरात ठेवून मी कोठीवर निघालो असता, तू माझ्याकडे काय मागितलेस? हे बकुळला ठाऊक असणे शक्य नाही. उत्तर बरोबर आले तर पत्र तुझे आहे, असे मी धरीन.

औषध वेळेवर घ्यावे. मीठ कमी खावे.

शि. वि. मुळ्ये


ब्रह्माघाट, काशी
आषाढ वद्य द्वादशी

सौ. शरदिनी हीस आशीर्वाद.

उत्तर पोहोचले. ‘घराची चाभी मागितली होती. तुम्ही ती जानव्याला बांधलीत आणि बाहेरून कुलूप लावून गेलात.’ उत्तर बरोबर आहे. तेव्हा तू किल्ली म्हणत होतीस, आता येथल्यासारखी चाभी म्हणतेस, इतकाच फरक. बाहेरून कुलूप लावण्याचे कारण परका गाव होता आणि तू लहान होतीस. हे तेव्हाही मी सांगितले होते.

परंतु त्यापुढे तू जे लिहविलेस ते माझ्या प्रश्नात नव्हते. तांदळाच्या डब्याची गोष्ट बकुळच्या हातून कागदावर उतरविण्याची आवश्यकता नव्हती. आता ती तिला ठाऊक झाली, रत्नाकरास ठाऊक झाली, आणि त्याच्या शाळेतही कदाचित ठाऊक झाली असेल.

ती गोष्ट जशी घडली तशी मी पुन्हा मांडतो, म्हणजे त्यात भर पडणार नाही. अन्नछत्राच्या कोठीत धान्याची रास लावली की तिच्यावर राखेचा ठसा उठवावयाचा, अशी रीत होती. सकाळी ठसा जसाच्या तसा असेल तर राशीला कोणी हात लावलेला नाही. मी आयुष्यभर हे काम केले. निवृत्त झाल्यावर हातास ते काम उरले नाही. घरच्या तांदळावर ठसा उठला तो सवयीने उठला, तुझ्यावर पहारा म्हणून नव्हे. तू डबा उघडलास, ठसा पाहिलास, काही बोलली नाहीस, भात टाकलास, मला वाढलास, आणि बकुळच्या बाळंतपणास म्हणून गेलीस ती परत आली नाहीस. मूल आता चालू लागले असेल. तू त्या दिवशी भांडली असतीस तर मी उत्तर दिले असते. न बोलता गेलेल्या माणसाला उत्तर कसे द्यावे?

असो. तुझ्या अटीचा विचार मी शास्त्रदृष्ट्या केला. रामघाटावर विश्वेश्वरशास्त्र्यांकडे जाऊन विचारले की क्षेत्रसंन्यासी मनुष्याने पत्नीस आणण्यासाठी सीमा ओलांडली तर काय दोष लागतो. शास्त्री पडवीत बसून दूर्वा निवडीत होते. ते म्हणाले, पंचक्रोशीचा फेरा धरला तर काशी असीच्या बरीच पलीकडे जाते. तुम्ही एवढी आखूड काशी का घेतलीत? मी म्हणालो, जी कठीण ती घेतली. ते हसले. नंतर म्हणाले, तुमच्या पत्नीची प्रकृती खरोखर कशी आहे? मी म्हणालो, तेच तर निश्चित नाही, पत्रावर विश्वास ठेवता येत नाही. त्यावर शास्त्र्यांनी जे सांगितले ते उपहासाने सांगितले असावे, असा माझा संशय आहे.

“कोठीच्या दारात आलेल्या प्रत्येक पोत्याला तुम्ही विचारीत होता की नाही, कोठून आले, कोणी पाठविले? तीच विद्या आता आत वापरा. मनाच्या दारात जो विचार येईल त्याला थांबवा आणि पत्ता विचारा. एवढी चौकस वृत्ती देवाने दिली आणि तुम्ही ती बाहेरच खर्च केलीत.”

मी चौथ्या इयत्तेपर्यंत शिकलेला मनुष्य. ब्रह्माघाटावर ज्यांना वेद तोंडपाठ आहेत ते मला कोठीवाले नाना म्हणतात, हे मला ठाऊक आहे. शास्त्र्यांनी मला ध्यानही कोठीवाल्याच्या मापाचे दिले. मी नमस्कार करून उठलो.

मी दुसरा मार्ग काढला आहे. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळची उन्हे चढल्यावर, रत्नाकराने तुला नावेत बसवून तुळशीघाटासमोर पलीकडच्या काठापर्यंत आणावे. मी तुळशीघाटावरून, म्हणजे असीच्या अलीकडून, नाव करून मध्यधारेपर्यंत येईन. मध्यधारेपर्यंतची गंगा काशीची, असे मी धरतो. तेथून तुझी प्रकृती मला प्रत्यक्ष दिसेल. साक्षीस यज्ञेश्वरभटजी येण्यास तयार आहेत.

हे मान्य असल्यास तसे कळवावे. नसल्यास नकाराचे कारण काय असेल, ते मी समजेन.

शि. वि. मुळ्ये


ब्रह्माघाट
श्रावण, दुसऱ्या सोमवारचा दुसरा दिवस

सौ. शरदिनी,

काल जे घडले त्याबद्दल तुझा गैरसमज झाला असेल, तो दूर करणे अवश्य आहे.

पाणी चढलेले होते, परंतु नावा चालू होत्या. मंगरू मल्लाहास मी निघण्यापूर्वी बजावले होते की मध्यधारेस नाव थोपवावयाची, पुढे तसूभर न्यावयाची नाही. यज्ञेश्वरभटजी समोर बसले. नाव सुटली तसे मी डोळे मिटले आणि जप सुरू केला. याचे कारण भय नव्हे. सीमेच्या इतक्या जवळ जाताना मन ठिकाणावर असावे, एवढाच हेतू होता.

डोळे उघडले तेव्हा तुमची नाव समोर होती. समोर म्हणजे इतकी जवळ की रत्नाकराच्या सदऱ्याची शिवण उसवलेली दिसली. मध्यधार केव्हाच मागे पडली होती. माझा नेम पाण्यात गेला होता. आणि मी पाहिले की तू फळीवर उशीला टेकून बसली आहेस, आणि मी पाहतो आहे हे पाहून तू पायांवर पदर ओढलास. रत्नाकराने हात जोडले. तो काही विनोद करील असे वाटले होते, परंतु त्याने केला नाही.

मी नाव परत फिरविण्यास सांगितले. माझा आवाज चढला तो मंगरूवर, तुझ्यावर नव्हे. तू हात वर केलास तो थांबण्यासाठी होता की निरोपासाठी होता, हे तोवर पडलेल्या अंतरामुळे कळले नाही.

परतताना मी मंगरूची कानउघाडणी केली. रामनगरवाल्यांकडून त्यास काय मिळाले, असे सरळ विचारले. तो वल्ही मारायचा थांबला आणि मोठ्याने म्हणाला, “बाबा, आपै तो कहत रहलीं, तनी और आगे, तनी और आगे. हम का करतीं?”

मी यज्ञेश्वरभटजींकडे पाहिले. ते पाण्याकडे पाहत होते. मी म्हणालो, भटजी, तुम्ही साक्षी आहात, याला खोटा पाडा. ते म्हणाले, “नाना, तुम्हीच म्हणत होता. मला वाटले जपातच काही आहे. मग स्पष्ट ऐकले. आणखी पुढे घे, असेच म्हणत होता. डोळे मिटलेलेच होते.”

या दोघांची परस्परांशी ओळख पूर्वीची आहे. मंगरू त्यांच्या पंचगंगा घाटावरच्या यजमानांना नेहमी नेतो. तेव्हा त्यांनी एकमेकांचे म्हणणे उचलून धरले, यात नवल नाही. मी असे काही बोललो असतो तर ते मला आठवले असते. माझी स्मृती चांगली आहे. कोठीवर कोणत्या साली कोणाकडून तूप आले, ते मी अजून सांगू शकतो.

तुझी सूज मी पाहिली. घोट्याच्या वर गेली आहे. डॉक्टर बदलावा.

शि. वि. मु.


ब्रह्माघाट
भाद्रपद शुद्ध अष्टमी

सौ. शरदिनी हीस,

तुझ्याकडून काही आले नाही. गंगा पायऱ्या गिळून गल्लीच्या तोंडाशी आली होती, त्यामुळे टपाल अडले असेल, किंवा तू लिहविले नसशील. दोन्ही संभवते. हे पत्र पाणी उतरताच टाकीन.

मध्यधार ओलांडल्याचे प्रायश्चित्त विचारण्यासाठी मी शास्त्र्यांकडे गेलो होतो. सर्व हकीकत सांगितली. ते म्हणाले, नाव कोणी नेली? मी म्हणालो, मंगरूने. ते म्हणाले, हुकूम कोणाचा होता? मी म्हणालो, ते दोघे म्हणतात की माझ्या तोंडचा. शास्त्र्यांनी पुढ्यातली पोथी मिटली. मग म्हणाले, “नाना, इतक्या वर्षांत कोठीत चोर किती सापडले?” मी अभिमानाने सांगितले की एकही नाही, माझ्या दक्षतेमुळे चोरी झालीच नाही. ते म्हणाले, “दक्षतेमुळे झाली नाही, की चोरच नव्हते?”

मी घरी आलो. राग आला होता. पाऊस होता, बाहेर जाता येत नव्हते, म्हणून मी त्यांची ती चेष्टेतली विद्या करून पाहिली. त्यांना खोटे पाडावे, हाही एक उद्देश होता, हे लिहून ठेवतो.

प्रथम जो विचार दारात आला तो असा की, यज्ञेश्वरभटजी खोटे बोलले. मी त्यास विचारले, कोठून आलास? उत्तर आले नाही. पोते दारात ठेवून हमाल पळून जावा तसे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आला. पुन्हा विचारले. असे होता होता एके सकाळी, संध्या आटोपून बसलो असता, उत्तर आले. मी ते जसेच्या तसे लिहितो. ते खरे आहे असे मी म्हणत नाही, आलेल्याने सांगितलेला पत्ता एवढाच आहे. तो म्हणाला, भटजी खोटे बोलले नसतील तर पुढे घे असे म्हणणारा तुझ्या घरात राहतो, आणि तू त्याला ओळखत नाहीस.

शरदिनी, मी जगातल्या सर्वांचा संशय घेतला. आचाऱ्यांचा, पाणक्यांचा, दान देणाऱ्यांचा, पंगतीत दुसऱ्यांदा बसणाऱ्यांचा. या एकाचा कधी घेतला नव्हता.

त्यानंतर मला त्यात गोडी लागली, हे मान्य केले पाहिजे. जे जे येईल त्यास विचारतो. बकुळ पत्रात आपले वाक्य घालते, हा विचार कोठीतून आला होता, त्याच्या अंगाला राख लागलेली होती. रत्नाकर मला हसतो, हा चौथीतून आला. आमचे मास्तर मला पुढच्या वर्गात पाठवा असे वडिलांना म्हणाले होते आणि वडील म्हणाले, पुरे झाले. तेव्हा बाकावरची सर्व मुले हसली होती, किंवा मला तसे वाटले. इतका जुना माल आत पडून आहे, हे मला ठाऊक नव्हते.

मग एकदा क्षेत्रसंन्यासासही विचारले. विचारू नये असे वाटत होते. त्याने जो पत्ता दिला तो मणिकर्णिकेचा नव्हता, विश्वनाथाचाही नव्हता. तो ब्रह्माघाटावरच्या एका पंगतीचा होता. संकल्प केल्यावर प्रथमच मला वैदिकांच्या ओळीत पाट मिळाला, आणि वाढणारा पोरगा नाना म्हणण्याऐवजी महाराज म्हणाला. तू त्या वेळी दारात उभी होतीस. तू ते पाहिले असशील. तू नेहमीच पाहतेस आणि बोलत नाहीस.

नेम केवळ तेवढ्यासाठी घेतला, असे मात्र मी म्हणणार नाही. मला काशीत मरावयाचे आहे, हे खरे आहे. परंतु खऱ्या तांदळात खडे असतात, तेव्हा तांदूळ खोटा होत नाही, निवडावा लागतो.

आणखी एक लिहितो आणि पुरे करतो. परवा विचारता विचारता एक वेळ अशी आली की दारात कोणीच आले नाही. मी वाट पाहत बसलो. येणारा नाही, तर विचारणाराही गप्प. त्या विचारणाऱ्यावर राखेचा ठसा उठवता येत नाही, कारण त्याला बाजूला ठेवून पाहणारा दुसरा कोणी नाही. किती वेळ गेला कळले नाही. दार सताड उघडे होते आणि आतले काही गेले नव्हते. मग लगेच विचार आला की ही समाधी असावी, आणि ही गोष्ट शास्त्र्यांना सांगावी. त्याला पत्ता विचारण्याची गरज पडली नाही. तो त्याच पंगतीतला होता.

पथ्य सांभाळावे.

शिवराम विष्णु


ब्रह्माघाट
आश्विन वद्य तृतीया

सौ. शरदिनी हीस,

बकुळचे पत्र आले. या वेळी तिने आपल्याच नावाने लिहिले आहे. तू जेवत नाहीस, आडवे झाले की श्वास लागतो म्हणून तक्क्याला टेकून बसतेस, आणि मी लिहिलेले पत्र दोनदा वाचून घेतलेस असे ती कळविते. पत्र ऐकून तू काय म्हणालीस, हे तिने लिहिलेले नाही. मागाहून समासात लिहिले आहे: “आई म्हणाली, आता तरी तुमच्या नानांनी डबा उघडला.” हे वाक्य तुझे आहे, यात मला संशय नाही.

मी डोलीची व्यवस्था करू पाहत होतो. रामलीलेच्या गर्दीमुळे महिनाभर नाव आणि माणसे मिळाली नाहीत असे रत्नाकर लिहितो. ते खरे असेल. आता गर्दी ओसरली, भोई मिळतात, तरी तू डोलीत बसण्यास नकार दिलास. ‘ज्यांनी नेऊन कोंडले त्यांनीच येऊन न्यावे,’ असा तुझा निरोप आहे. तू मरणाच्या दारातसुद्धा अट घालतेस, हे मी प्रथम रागाने वाचले.

हे पत्र वाचताना मला पुन्हा संशय आला की तू तितकी आजारी नाहीस. मी स्वतःच्या डोळ्यांनी तुझे पाय पाहिले आहेत, तरीही आला. तेव्हा मी त्यास दारात धरले आणि सोडले नाही. दिवसभर धरले. संध्याकाळी तो बोलला. तो म्हणाला, ती खरोखर आजारी असेल तर तुला जावे लागेल. जावे लागू नये, म्हणून ती आजारी नसलेली बरी.

इतक्या वर्षांचा माझा धंदा, शरदिनी, आणि मला हे ठाऊक नव्हते. मी समजत होतो की संशय म्हणजे दाराबाहेर कोणी आहे याची चाहूल. तो आतून कडी घालणारा हात होता.

एवढे समजल्यावर मी निघावयास हवे होते. मी निघालो नाही. समजणे आणि उठणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर तुला रामनगर आणि ब्रह्माघाट यांमधल्या अंतरापेक्षा लहान वाटू नये म्हणून लिहितो. वहाणा घालून दोनदा गल्लीच्या तोंडाशी गेलो. एकदा यज्ञेश्वरभटजी भेटले, त्यांनी विचारले, नाना कोठे? मी म्हणालो, भाजीला. भाजी घेऊन परत आलो.

नदी उतरली आहे. रामनगरासमोर पाण्यावर तरंगणारे लोखंडी पीपे आणून टाकीत आहेत, पूल जोडावयास लागतील असे मल्लाह सांगतात. पूल झाला म्हणजे पाहू, असा एक विचार आला आहे. त्याला पत्ता विचारला नाही. तो मला ठाऊक आहे.

तू तक्क्याला टेकून बसतेस, तर तक्का कडक असावा. आपल्या घरातला पाठविण्याजोगा आहे, परंतु तो मी बरोबर आणला तर बरा, की पाठविला तर बरा, हे ठरत नाही.

शिवराम


असीपलीकडे, पीप्यांच्या पुलाच्या या टोकाशी
कार्तिक वद्य पंचमी

शरदिनी,

हे पत्र पेन्सिलीचे आहे. पुलाच्या चौकीवरील कारकुनाने पेन्सिल आणि कागद दिला. रामनगरास पोती घेऊन जाणाऱ्या एका एक्केवाल्याच्या हाती देतो. तो माझ्या ओळखीचा नाही. त्याचे नाव मी विचारले नाही.

वर जे ठिकाण लिहिले आहे ते पुन्हा वाचावे, किंवा बकुळकडून वाचून घ्यावे. मी असीच्या पलीकडे आहे.

घडले ते असे. पूल जोडला गेला का, हे असीच्या अलीकडूनच उभे राहून पाहावे, म्हणून सकाळी निघालो. तक्का काखेत घेतला. का घेतला, हे तेव्हा मनाशी सांगितले नाही. वाटेत तुला काय बोलावे, याची जुळवाजुळव करीत होतो. पहिले वाक्य जमत नव्हते. तू चाभी मागितलीस त्या दिवसापासून आरंभ करावा, की तांदळाच्या डब्यापासून, की नावेत हात वर केलास तो कशासाठी, हे विचारावे. एकेक वाक्य घेतो, निवडतो, टाकतो, असे चालले होते. बराच चाललो असे वाटल्यावर एका चहावाल्याला विचारले की बाबा, असीचा ओढा किती दूर आहे? तो म्हणाला, “ऊ त पीछे छूट गइल, महाराज. नाली जइसन त हौ, पता ना चलल होई.”

मी मागे वळून पाहिले. खरोखर नालीसारखाच आहे. त्यावर एक म्हैस उभी होती. इतकी वर्षे ज्या सीमेच्या अलीकडे मी माझे दात पाडले, ती मी तुझ्याशी मनात बोलता बोलता ओलांडली, आणि मला कळले नाही.

पूर्वी असे झाले असते तर मी कोणाचा तरी संशय घेतला असता. आज दारात कोणी आलाच नाही. रिकाम्या रस्त्यावर तक्का घेऊन उभा राहिलो, आणि मला हसू आले.

तेथून परत फिरता आले असते. नकळत ओलांडलेल्या सीमेस सौम्य प्रायश्चित्त आहे, हे शास्त्री मला पूर्वीच म्हणाले आहेत. परंतु मी पुढे चालत पुलाशी आलो आहे. मध्यधार एकदा माझ्या नकळत माझ्या तोंडाने ओलांडली, असी नकळत पायांनी ओलांडली. हा पूल मात्र मी डोळे उघडे ठेवून ओलांडणार आहे. एक्का मिळतो, परंतु चालत येणार आहे. पीपे हलतात, म्हणून सावकाश येईन. पत्र पुढे पाठवितो ते एवढ्यासाठी की, न कळविता दारात आलेल्या मनुष्याचा संशय येतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.

तुला नेण्यास येत आहे, असे लिहिणार होतो. न्यावयाचे की तेथेच राहावयाचे, हे तू सांगशील तसे. तुला श्वास लागत असेल तर काशीची घाई नाही. काशी समोरच आहे, तुझ्या खिडकीतून दिसत असेल. रत्नाकरास सांगावे की त्याची धोब्याशी ओळख झाली असल्यास दोघांकरिता शब्द टाकून ठेवावा. एकाच धोब्याकडे जागा मिळाली तर बरे.

येथे बसल्यावर जानव्याची गाठ सोडून घराची किल्ली हातात घेतली. ती तुझ्या हाती देईन म्हणून मुठीत धरली आहे. आणि आता, एवढे लिहीत असताना, एक विचार दारात येऊन उभा राहिला आहे. घराला कुलूप लावले की नाही, ते मला आठवत नाही.

पाहण्यासाठी मी परत गेलेलो नाही.

तुझा
शिवराम